काउंटी फायनल हरलेल्या संघाने मन्स्टर खेळावं का?

लीकाठचा:
१ डिसेंबर २०२४ ची थर्ल्सची मन्स्टर क्लब हर्लिंग फायनल अजून डोक्यातून जात नाही. कॉर्कच्या सार्सफील्ड्सने वॉटरफर्डच्या बॅलीगनरला ३-२० विरुद्ध २-१९ असं हरवलं. (नव्यांसाठी: हर्लिंग हा आयर्लंडचा काठी-चेंडूचा खेळ. काउंटी म्हणजे जिल्हा, मन्स्टर हा दक्षिणेकडचा प्रांत, आणि एरवी काउंटी जिंकलेला क्लब मन्स्टर स्पर्धेला जातो. स्कोअरमध्ये आधी गोल, मग गुण: जाळ्यात गेलेला गोल तीन गुणांचा, बारवरून मारलेला एक. म्हणजे २९ विरुद्ध २५.) बॅलीगनर लागोपाठ तीन वर्षं मन्स्टर क्लब विजेते होते, आणि सार्सचं हे पहिलंच मन्स्टर. मी सार्सच्या गावाजवळ, ग्लॅनमायरपाशी राहतो, त्यामुळे त्या रात्री घरी नुसता आनंदीआनंद होता.

पण एक गोष्ट मला तेव्हाही खुपली, आजही खुपते. ऑक्टोबरमध्ये कॉर्कची काउंटी फायनल हेच सार्स इमोकिलीकडून हरले होते. इमोकिली हा क्लब नाही. पूर्व कॉर्कमधल्या खालच्या गटांत खेळणाऱ्या क्लबांतून निवडलेला तो विभागीय संघ. मन्स्टर स्पर्धा क्लबांची, म्हणून विजेते घरी आणि उपविजेते पुढे. तिकडे बॅलीगनर वॉटरफर्डची फायनल हरले असते तर त्यांचा हंगाम तिथेच संपला असता. एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असं का? इमोकिलीला मन्स्टर खेळू द्या, नाहीतर काउंटीत घेऊ नका.

पूर्वकॉर्क:
दादा, पूर्ण असहमत. क्लब म्हणजे एका पॅरिशची (एका चर्चखालच्या गावाची) माणसं. आजोबा, बाप, पोरगा एकाच मैदानावर वाढलेले. अनेक गावांतून वेचून काढलेला संघ बॅलीगनरसमोर उभा केलात तर तो अन्याय नाही का?

आणि काउंटीतून काढा म्हणताय, तर शेमस हार्नेडीकडे बघा. क्लब सेंट इटाज, ज्युनियर गटातला (वयाने नव्हे, दर्जाने खालचा; सीनियर म्हणजे सर्वांत वरचा गट). २०१८ मध्ये हा माणूस कॉर्कच्या काउंटी संघाचा कर्णधार होता. क्लब पातळीवर सीनियर हर्लिंग त्याला मिळालं ते इमोकिलीमुळे.

मी अशाच एका छोट्या गावात राहते. सरावाला कधी अकरा पोरं येतात, कधी तेरा. एका कोपऱ्यातच दिवा, त्यामुळे पलीकडच्या बाजूला गेलेला स्लिटर (चेंडू) पायाने चाचपत शोधायचा. माझ्या लेकाची हर्ली (खेळायची काठी) टोकाला चिरली होती. शेजारच्या आजोबांनी नवी पत्र्याची पट्टी ठोकून दिली आणि म्हणाले, "अजून एक हिवाळा काढेल." या पोरांना सीनियरचा दरवाजा बंद करायचा म्हणता?

कबड्डीवाला:
मी लीकाठच्या बाजूने. आपल्याकडे मंडळाची स्पर्धा मंडळांची असते आणि जिल्ह्याचा निवड संघ राज्य अजिंक्यपदाला जातो. निवड संघ मंडळांच्या स्पर्धेत उतरवून वर "जिंकलात तरी पुढे जायचं नाही" असं कोणी सांगत नाही. दोन्हींची सरमिसळ केली की कोण खरा विजेता हा घोळ होणारच.

पूर्वकॉर्क:
कबड्डीवाले, तुमच्याकडे मंडळातून थेट जिल्हा संघात जाता येतं. इथे ज्युनियर क्लब आणि कॉर्कचा काउंटी संघ यांत केवढं अंतर आहे! मधली पायरी म्हणजे इमोकिली. ती काढलीत तर हार्नेडीसारख्या पोराने उडी मारायची कुठून?

जुनाप्रेक्षक:
हे २०२४ पुरतं नाही. इमोकिलीने २०१७, २०१८, २०१९ अशी लागोपाठ तीन वर्षं काउंटी जिंकली. फायनल हरलेले ब्लॅकरॉक, मिडलटन आणि ग्लेन रोव्हर्स मन्स्टरला गेले आणि तिघेही रिकाम्या हाताने परतले. (मिडलटन गाव त्याच पूर्व कॉर्कमधलं, पण क्लब सीनियर, म्हणून इमोकिलीत नाही.) २००९ मध्ये न्यूटाउनशँड्रम जिंकले, त्यानंतर २०२४ पर्यंत कॉर्कच्या एकाही क्लबला मन्स्टर नाही. पंधरा वर्षं! फायनलची जखम ओली असताना पोरांना दुसऱ्या लढाईला पाठवायचं, याचाही त्यात वाटा आहे असं माझं मत.

पूर्वकॉर्क:
मग सार्सने ती जखम घेऊनच बॅलीगनरला हरवलं, त्याचं काय? मधे विभागीय संघ नसलेल्या वर्षीही कॉर्कचे क्लब हरलेच आहेत. बॅलीगनर त्या काळात २०१४ पासून दरवर्षी वॉटरफर्ड जिंकत होते. समोर ताकद होती हो, दोष सगळा नियमाला नका देऊ.

लीकाठचा:
ताई, हार्नेडीचा मुद्दा मला पटला. काउंटीतून काढा हे शब्द मागे घेतो. पण उरलेलं मत कायम. इमोकिली जिंकले तर मन्स्टरची जागा उपविजेत्याला आपोआप देऊ नका, क्लबांचा वेगळा सामना ठेवा. सार्सने तोही जिंकला असता, यात मला शंका नाही. मग त्यांच्याकडे कोणी बोट दाखवलं नसतं. हे पैसे न घेता खेळणारे लोक आहेत. सोमवारी सकाळी कामावर जातात, आणि तिथे "तुम्ही तर काउंटीच हरलात" हे ऐकावं लागतं.

पूर्वकॉर्क:
वेगळा सामना कधी खेळवणार? ऑक्टोबरमध्ये काउंटी फायनल, नोव्हेंबरमध्ये मन्स्टर सुरू. काउंटी संघांचं वेळापत्रक जुलैपर्यंत, त्यानंतर मोजून रविवार उरतात. त्यात एक जास्तीचा सामना म्हणजे आणखी एखाद्याचा गुडघा जायचा.

नवाकॉर्ककर:
मला नियम फारसे कळत नाहीत. १९ जानेवारी २०२५ ला क्रोक पार्कवर डब्लिनच्या ना फियानाकडून सार्स ऑल-आयर्लंड फायनल हरले, तेव्हा माझी नऊ वर्षांची मुलगी निळा मफलर तोंडावर घेऊन रडली. तिच्यासाठी तेच कॉर्कचे विजेते होते.

लीकाठचा:
माझ्यासाठीही होते. म्हणूनच तो शिक्का ऑक्टोबरमध्येच त्यांच्या नावावर लागायला हवा होता.