जुन्या ऑफिस पीसीवर मोफत आर्केड आणि कॅसेटचे गेम : मुलांसाठी काय बसवता येईल?

वाचनालय_गिरगाव

नमस्कार मंडळी. गिरगावात आमच्या इमारतीच्या वाचनालयाला एक जुना ऑफिसमधला पीसी मिळाला आहे. आय3-2100, 4 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज 10, 64 बिट. मागे व्हीजीए आणि डिस्प्लेपोर्ट आहे. खोलीत 32 इंची टीव्ही आहे. दिवाळीच्या सुट्टीत 8 ते 14 वर्षांच्या मुलांना त्यावर जुन्या धाटणीचे गेम खेळायला द्यायचे आहेत.

गेम फुकट हवेत, पण चोरीचे नकोत, कारण नाव संस्थेचं आहे. खोलीत नेट नाही, त्यामुळे सगळं पेनड्राइव्हवरून न्यावं लागेल. दोघांना एकाच वेळी खेळता आलं पाहिजे. पालकांची फर्माईश मुस्तफा, कॉन्ट्रा आणि मारिओ अशी आहे. काय बसवावं, आणि कशात अडकायला होतं?

पिक्सेल_परळ

फर्माईश आधी निकालात काढू. मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा 1993चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. त्यातल्या मुस्तफा कैरो या खेळाडूवरून आपल्याकडच्या पार्लरमध्ये गेमलाच ते नाव पडलं. तो मोफत नाही. कॅपकॉमने 2018 साली मारामारीच्या सात जुन्या गेमचा संग्रह काढला, त्यात फायनल फाइट आहे, हा नाही. कॉन्ट्रा आणि मारिओचंही तेच : त्यांचे मालक आजही धंद्यात आहेत. ‘जुना झाला म्हणजे मोकळा झाला’ असं कायद्यात कुठेच नाही. आपल्याकडे कॉपीराइटची मुदत साठ वर्षांच्या हिशेबाने चालते, म्हणजे 1980चा पॅक-मॅनसुद्धा अजून बंधनात आहे. एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) वापरणं वेगळं आणि गेमची रॉम फाइल (मशीनच्या चिपमधल्या गेमची प्रत) उतरवणं वेगळं. पहिलं सरळ आहे. दुसऱ्यात मालकाची परवानगी बघायची.

परवानगी असलेलं सामान बरंच आहे. मेम हा आर्केडचा, म्हणजे पार्लरमधल्या नाण्याच्या मशीनचा, एम्युलेटर 1997पासून आहे आणि 2016पासून पूर्ण मुक्तस्रोत आहे. त्याच्या स्वतःच्या साइटवर रॉमचं एक वेगळं पान आहे. तिथले गेम मालकांच्या संमतीने, अव्यावसायिक वापरासाठी ठेवलेत. त्यातला रॉबी रोटो (बॅली मिडवे, 1981) आधी घ्या : जमीन पोखरत ओलीस सोडवून आणायचे, डिग डगच्या जवळचा गेम. लूपिंग, स्टार फायर, सुपर टँक, व्हिक्टरी हेही तिथेच आहेत. ग्रिडली हा 1983चा गेम बाजारात आलाच नव्हता, म्हणून मुद्दाम बघण्यासारखा. तो मुळात ट्रॅकबॉलवर (हाताने फिरवायच्या गोळ्यावर) खेळायचा आहे, त्यामुळे मेमच्या सेटिंगमध्ये माउस चालू करून घ्या. बाणांच्या बटणांवर तो अडखळत चालतो.

बसवताना मेम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये टाकू नका. तिथे लिहायची परवानगी नसते, आणि मग बटणांची सेटिंग व हायस्कोअर जपलेच जात नाहीत. सरळ सी ड्राइव्हवर ‘मेम’ नावाचा फोल्डर करा आणि रॉमची झिप आतल्या ‘रॉम्स’ फोल्डरमध्ये जशीच्या तशी ठेवा. उघडू नका, नावही बदलू नका. मेम झिपच्या नावावरून गेम शोधतं आणि आतल्या प्रत्येक चिपची फाइल तपासतं. ‘रिक्वायर्ड फाइल्स आर मिसिंग’ असं आलं तर झिप अर्धवट उतरली आहे, तिचं नाव बदललं आहे, किंवा ती दुसऱ्या आवृत्तीची आहे. रॉम आणि मेम दोन्ही एकाच साइटवरून घेतलंत तर ही कटकट सहसा येत नाही.

मुलांना चार बटणं सांगितली की झालं : 5 म्हणजे नाणं, 1 म्हणजे सुरू, एफ5 (जुन्या आवृत्त्यांत पी) म्हणजे थांबा, एस्केप म्हणजे बाहेर. दुसऱ्या खेळाडूचं नाणं 6, सुरुवात 2. टॅब दाबला की बटणं बदलायचा मेन्यू येतो.

मुस्तफाची भूक भागवायला लिटल फायटर 2 घ्या. 1999चा हाँगकाँगचा गेम आहे, मोफत आहे, एका कीबोर्डवर चार जण खेळू शकतात. चाली क्रमाने दाबायच्या असतात : बचाव, दिशा, हल्ला. कॉन्ट्राच्या जागी सी-डॉग्स एसडीएल ठेवा. वरून दिसणारा गोळीबाराचा गेम आहे, एका पडद्यावर चौघे मिळून खेळतात. त्यात रक्त दिसतं. ते सेटिंगमधून बंद करता येतं, आठ वर्षांच्या मुलांसाठी तेवढं करा.

जुनी_कॅसेट

कॅसेटवाल्या टीव्ही गेमसाठी, म्हणजे निन्टेंडोच्या एनईएस यंत्राच्या गेमसाठी, मेसेन हा एम्युलेटर घ्या. त्याच्या काही आवृत्त्यांना डॉटनेट रनटाइम हा मायक्रोसॉफ्टचा पूरक प्रोग्राम लागतो. नेट असलेल्या मशीनवर तो लगेच उतरवून घेता येतो, तुमच्या खोलीत मेसेन नुसती चूक दाखवून बंद पडेल. रनटाइमचा इन्स्टॉलर आधीच पेनड्राइव्हवर घ्या.

आता गेम. त्या यंत्रासाठी आजही हौशी लोक नवे गेम लिहितात आणि बरेच जण ते मोफत देतात. दोघांसाठी सुपर टिल्ट ब्रो : एकमेकांना फळीवरून खाली पाडायचं. त्याची नेटवर्कशिवायची फाइल निवडा, दुसरीला खास कॅसेटचा आधार लागतो. थ्वेट हाही दोघांचा, आकाशातून पडणाऱ्या अग्निबाणांपासून गाव वाचवायचं. मारिओची आठवण काढणाऱ्यांना नोव्हा द स्क्विरल द्या. एकट्याचा आहे, पण टप्पे भरपूर आणि मुक्तस्रोत.

पालक खेळायला बसले की ‘हा गेम पळतोय, आमचा असा नव्हता’ असं म्हणतीलच, आणि त्यांचं बरोबर आहे. अमेरिकी आणि जपानी मशीन सेकंदाला 60 चित्रं काढायची. आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, 50चा. इथे विकले जाणारे क्लोन (एनईएसची नक्कल केलेली यंत्रं) त्या टीव्हीसाठी बनलेले, त्यामुळे 60साठी लिहिलेला गेम त्यांच्यावर सहाला पाच या प्रमाणात हळू चालायचा. गाण्याचा ठेका मंदावायचा, सूर मात्र जवळपास तोच राहायचा, कारण प्रोसेसरचा वेग फारसा बदललेला नसे : 1.79 मेगाहर्ट्झच्या जागी 1.77. मेसेनमध्ये एनईएसच्या सेटिंगमध्ये रीजन आहे, तिथे ‘डेंडी’ (अशाच एका क्लोनचं नाव) निवडा. नेमका तो जुना वेग येतो. लहान मुलांसाठीही हा वेग सोपा पडतो.

आणखी एक. रॉम म्हणून जर डॉट ईएक्सई फाइल मिळाली तर ती चालवू नका, पुसून टाका. साध्या कॅसेटची फाइल फार लहान असते : 32 केबी प्रोग्राम, 8 केबी चित्रं आणि 16 बाइटचा हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती), एकूण 40,976 बाइट. तुमच्या पेनड्राइव्हवर असे शेकडो गेम मावतील. कॅसेटवर ‘9999 इन 1’ लिहिलेलं असायचं ते मोजके गेम वेगवेगळ्या टप्प्यांपासून परत परत सुरू करून.

बोरीबंदर_बाइट

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात कॅपकॉम आर्केड स्टेडियम मोफत उतरवता येतं आणि त्यात 1943 हा विमानांचा गेम फुकट आहे. दोघांना एकत्र खेळता येतो. अधिकृत आहे, तोही टाका की.

लॅमिंग्टन_वायर

@बोरीबंदर_बाइट गेम चांगला आहे, पण या मशीनवर उठणार नाही. आय3-2100च्या आतलं एचडी 2000 ग्राफिक्स डायरेक्टएक्स (विंडोजची ग्राफिक्स प्रणाली) 10.1पर्यंतच जातं, स्टेडियमला 11 लागतं. विमानांसाठी ओपनटायरियन घ्या. टायरियन हा 1995चा गेम 2004मध्ये मोफत झाला, आणि मेन्यूत दोघांचा आर्केड प्रकार आहे.

हीच अडचण इतर ठिकाणी काळ्या पडद्याच्या रूपात येईल. मेमच्या आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘व्हिडिओ’च्या ओळीत ‘डीथ्रीडी’ (d3d) लिहा. रेट्रोआर्क (अनेक एम्युलेटर एकत्र चालवणारा प्रोग्राम) घेतलंत तर त्याच्या सीएफजी या सेटिंगच्या फाइलमध्ये व्हिडिओ ड्रायव्हर ‘जीएल’ (gl) करा.

रेट्रोआर्क फक्त मिस्टर बूमसाठीही घ्यावं असं माझं मत आहे. बॉम्ब ठेवून एकमेकांना उडवायच्या बॉम्बरमॅनच्या धर्तीचा, आठ जणांपर्यंत, आणि रॉम लागतच नाही : कोर (रेट्रोआर्कमध्ये जोडायचा एम्युलेटर किंवा गेम) निवडायचा, ‘स्टार्ट कोर’ म्हणायचं. कोर नेटवरून उतरतात, म्हणून घरी पोर्टेबल फोल्डर करा, कोर उतरवा आणि अख्खा फोल्डर उचलून न्या. दुसऱ्या खेळाडूचा कीबोर्ड आपोआप लागत नाही. इनपुटमध्ये पोर्ट 2 उघडून बटणं द्यावी लागतात.

आता वायरी. व्हीजीए टाळा. त्यातून आवाज येत नाही, आणि व्हीजीएचं एचडीएमआय करणाऱ्या डब्यांना वेगळी यूएसबी वीज लागते. ऑफिस पीसीच्या डिस्प्लेपोर्टवर बहुतेक वेळा साधा पॅसिव्ह एचडीएमआय ॲडॅप्टर चालतो, आवाजही त्यातूनच जातो. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलात तर पीसी मॉडेलचं नाव सांगूनच घ्या आणि दुकानातच लावून बघा.

टीव्ही जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा. कधीकधी टीव्ही 50 हर्ट्झवर बसतो आणि 60चा गेम दर सेकंदाला झटके देतो. 60 करा. टीव्हीवर गेम मोड लावा. तो नसेल तर चित्र ‘सुधारण्याच्या’ सगळ्या सोयी बंद करा, कारण त्यातच वेळ जातो आणि उडी उशिरा लागते. एक चित्र साधारण 16.7 मिलिसेकंदाचं, पाच-सहा चित्रं उशीर झाला की मूल खड्ड्यात पडणारच. आणि 4:3चं चित्र ताणून रुंद करू नका.

दोघे एका साध्या कीबोर्डवर बसले की काही बटणं एकत्र दाबली तर तिसरं उमटतच नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो, आतल्या तारांची जाळीच तशी असते. दोन वायरवाले यूएसबी गेमपॅड घ्या, अर्धी भांडणं तिथेच मिटतील.

वाचनालय_गिरगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. बसवायला घेतलं आहे. दोन ठिकाणी अडलं. मेममध्ये खेळताना अचानक सगळा पडदा उलटा होतो, टीव्हीवर डोकं खाली पाय वर. आणि ओपनटायरियन उघडतच नाही, डेटा फाइल सापडत नाही म्हणतो. शिवाय कमिटीत एक सूचना आहे की मुलांकडून 10 रुपये घ्यावेत, गेमपॅडचा खर्च निघेल. चालेल का?

लॅमिंग्टन_वायर

पडदा उलटतो तो इंटेलच्या ड्रायव्हरमुळे. कंट्रोल, ऑल्ट आणि खालचा बाण एकत्र दाबला की ड्रायव्हर पडदा फिरवतो, आणि मेममध्ये पहिलं बटण कंट्रोल, दुसरं ऑल्ट आहे. मूल खाली वाकून दोन्ही बटणं दाबतं आणि पडदा पालथा होतो. आत्तापुरतं कंट्रोल-ऑल्ट-वरचा बाण दाबून सरळ करा. कायमचं करायचं तर डेस्कटॉपवर राइट क्लिक, ग्राफिक्स ऑप्शन्स, हॉट कीज, डिसेबल. त्याच बैठकीत विंडोजमधली ‘स्टिकी कीज’ही बंद करा. शिफ्ट पाचदा दाबला की ती खिडकी गेमच्या मध्ये उघडते.

ओपनटायरियन म्हणजे नुसतं इंजिन. चित्रं आणि आवाज मूळ गेमचे, ते वेगळे उतरवायचे. आवृत्ती 2.1ची घ्या. त्याच मोफत संचात टायरियन 2000 पण सापडेल, त्याच्या फाइल या इंजिनाला चालत नाहीत. झिप उघडून आतल्या फाइल ‘डेटा’ फोल्डरमध्ये थेट ठेवा, फोल्डरमध्ये आणखी फोल्डर होऊ देऊ नका.

पिक्सेल_परळ

10 रुपयांचं करू नका. मेमच्या पानावरच्या रॉम अव्यावसायिक वापराच्या अटीवर दिल्या आहेत, आणि तासाला किंवा खेळाला पैसे घेतले की त्या अटीबद्दल वाद उभा राहतो. गेमपॅडसाठी वाचनालयाच्या वार्षिक वर्गणीतून किंवा देणगीतून तरतूद करा, खेळणं मोफत ठेवा. लिटल फायटर 2 आणि हौशी लोकांच्या गेमच्या झिपमध्ये ‘रीडमी’ फाइल असते, तीही वाचून घ्या. प्रत्येकाची अट वेगळी असते, काहींना नुसतं नाव लिहिलेलं हवं असतं. सगळ्या रीडमी एका फोल्डरमध्ये जपून ठेवा, म्हणजे कोणी विचारलं तर दाखवता येईल.