आई-वडिलांचा स्नायूंचा आजार : तुमच्या घरात काय बदललं?

गेलं दीड वर्ष मी हे सगळं एकटीच वहीत लिहितेय, म्हणून हा धागा. उतारा, नजर, अमुक बाबा नकोत; ते सगळं आत्यानं करून झालंय. घरात नेमकं काय घडलं तेवढं लिहा. सुरुवात मी करते.

थोरली, अशोक चौक
अप्पांनी पस्तीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल काढले. एकदा रात्रपाळीत तुटलेलं एक सूत त्यांना दोन दिसायला लागलं. डावी पापणी खाली. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. सकाळी सगळं ठीक असायचं, त्यामुळे कुणी मनावर घेईना. काका तर तोंडावर म्हणाले, "कामाचा कंटाळा आलाय, दुसरं काय नाही." मग कडक भाकरी चावताना अप्पा हनुवटीला खालून हात लावायला लागले. आमटीत कुस्करून दिली तरी अर्ध्या जेवणात जबडा थकायचा.

न्यूरोच्या डॉक्टरांनी हातमोज्यात बर्फ भरला आणि मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरला. काढला, तर डोळा उघडा! रक्त, नसांची तपासणी, छातीचा सीटी हे नंतर. नाव निघालं मायस्थेनिया ग्रेव्हिस. नसेकडून निरोप निघतो, पण तो घ्यायच्या स्नायूवरच्या जागा शरीरातल्याच प्रतिपिंडांनी अडवलेल्या असतात. स्नायू वापरला की थकतो, विसावा मिळाला की चालतो. पायरिडोस्टिग्मिनची गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि तीन-चार तास टिकते. त्यामुळे आमच्याकडे पानं भूक लागली म्हणून वाढत नाहीत, गोळी लागली की वाढतात. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. वाटू दे.

धाकटा, मूळ जुळे सोलापूर, सध्या पुणे
माझ्या आईला हाच आजार. निदानाला चार महिने झाले होते. खोकला झाला म्हणून तिनं जवळच्या दवाखान्यातून औषध आणलं, त्यात अझिथ्रोमायसिन होतं. तिनं आजाराचं नाव सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या रात्री फोनवर आवाज नाकातून येत होता. मला वाटलं, सर्दी. पण वाक्य संपेपर्यंत आवाज विरून जात होता, हे माझ्या ध्यानात आलं फोन ठेवल्यावर. सकाळी मी पोचलो तेव्हा ती व्हेंटिलेटरवर होती. पाच दिवस आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचं सलाईन, चाललं. संसर्गानं बिघडलं की गोळीनं, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येईना.

आता तिच्या बटव्यात, सुपारीशेजारी, एक लॅमिनेट केलेली चिठ्ठी असते : जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, मॅग्नेशियमचं सलाईन, बीटा ब्लॉकर; न्यूरोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. आणि श्वासाची ताकद कळावी म्हणून रोज संध्याकाळी फोनवर ती एका दमात अंक मोजते. पस्तिशी ओलांडली की इतर गप्पा. विसाच्या आत अडकली तर थेट हॉस्पिटल, असं डॉक्टरांशी बोलून ठरवलंय. "बालवाडीत घातलंस मला," म्हणते. पण मोजते.

पूर्व भागातली एक
आमच्या नान्नांचा, म्हणजे वडिलांचा, आजार वेगळा, मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायू हलवणाऱ्या नसाच हळूहळू मरत जातात. इथं चढउतार नाही, उतारच. आधी उजव्या पायातली चप्पल नकळत निसटायची. मणक्याचं ऑपरेशन करायचं जवळपास ठरलं होतं. मग अंगठ्याजवळचं मांस झिजलं आणि नसांच्या तपासणीत उलगडा झाला. रिलुझोल या औषधानं आजाराचा वेग थोडा कमी होतो, एवढंच डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तो स्पष्टपणा मला तेव्हा क्रूर वाटला होता.

बोलणं गेलं. डोकं शाबूत, डोळे शाबूत. मी पुठ्ठ्यावर अक्षरांचा तक्ता केला. मी बोट फिरवायचं, बरोबर अक्षर आलं की त्यांनी डोळे मिटायचे. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण नान्नांची शाळा मराठी, म्हणून तक्ता मराठी अक्षरांचा. पहिल्याच दिवशी त्यांना म्हणायचं होतं 'नीळ्ळु', पाणी. मी तक्त्यात ळ लिहायलाच विसरले होते! 'नी'वर ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. आता ळ सगळ्यात मोठा आहे, लाल स्केचपेननं.

ज्यांच्याकडे रात्री श्वासाला मदत करणारं बायपॅप मशीन आहे त्यांनी इन्व्हर्टर आधी घ्या, फ्रिज नंतर.

नवी पेठ
मला एवढंच लिहायचंय की मी आईवर ओरडले. "सकाळी तर वेणी घातलीस, आता कंगवा उचलत नाही?" तेव्हा निदान झालं नव्हतं. तिला आठवत नाही म्हणते.

थोरली, अशोक चौक
नवी पेठ, मीही ओरडलेय. त्यावर नंतर लिहीन.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं बऱ्याच जणांनी विचारलंय. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे, मायस्थेनियाचं स्वतंत्र नाव नाही. आमची तपासणी सकाळी दहाला झाली. सकाळी दहाला अप्पा राजा असतात! हात वर करा म्हटलं, केले. चालून दाखवा म्हटलं, झोकात चालले. वर मला म्हणाले, "पास झालो की नाही?" हसावं की डोकं आपटावं? पुढच्या वेळी संध्याकाळचे व्हिडिओ घेऊन जाणार आहे.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला जायचा हट्ट धरला त्यांनी. गोळीची वेळ बघून निघालो, फोल्डिंगची खुर्ची बरोबर. सम्मती कट्ट्याजवळ गर्दीत अक्षता टाकल्या त्यांनी, दोनदा. तिसऱ्यांदा हात खांद्यापर्यंतच आला, मग मूठ माझ्या हातात रिकामी केली. परतताना रिक्षावाल्याशी वीस रुपयांवरून घासाघीस केली, डावा डोळा पूर्ण मिटलेला असताना.