कीर्तनाचं रेकॉर्डिंग: शेवटाकडे ओठ आणि आवाज जुळत नाहीत

चिपळी

नमस्कार मंडळी,

माझी आत्या नारदीय कीर्तन करते. यंदा रामनवमीला सदाशिव पेठेतल्या एका मंदिरात तिचं कीर्तन झालं, ते पहिल्यांदाच पूर्ण रेकॉर्ड केलंय. एक फोन पुढे डावीकडे तिवईवर, दादाचा फोन मागच्या भिंतीशी, आणि आत्याच्या कमरेला छोटा रेकॉर्डर, त्याचा कॉलर माइक छातीशी. सगळं मिळून दीड तास.

एडिटिंग डाव्हिन्ची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत करतेय. लॅपटॉपची रॅम 8 जीबी. सुरुवातीला ध्वनीलहरी बघून तिन्ही छान जुळवले. पण पूर्वरंग (निरूपणाचा पहिला भाग) संपेपर्यंत पुढच्या फोनचं चित्र जरासं सरकलेलं दिसतं आणि आख्यानाच्या (उत्तररंगातल्या कथेच्या) शेवटी तर ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. मागच्या फोनचं आणखी विचित्र आहे. मधेच बरोबर येतं, मधेच बिघडतं. शिवाय सगळं इतकं अडकत चालतं की नेमकी फ्रेम सापडत नाही.

एकाने सांगितलं, दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून टाक. आत्याला ते अजिबात मान्य नाही, आख्यान सलगच हवं म्हणते. मलाही तेच वाटतं. दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल का?

पेटीवाला

विकत काही घेऊ नका. 8 जीबीवर रिझॉल्व्ह दमतं, 16 तरी लागते. केडेनलाइव्ह बघा, मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर बऱ्यापैकी पळतं. त्यात एक ट्रॅक ध्वनीचा संदर्भ म्हणून ठरवून बाकीचे त्याला जुळवता येतात, प्रॉक्सीही (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) बनतात. बाकी आवाज सरकण्याचं कारण जाणकार सांगतील. साथीला बसतो त्यामुळे एवढं मात्र सांगतो, माइक पेटीपासून लांब ठेवलात ते उत्तम केलंत. नाहीतर गळा आणि पेटी मागाहून वेगळे करता येत नाहीत.

तोडजोड

चिपळी, सॉफ्टवेअर बदलून हे जाणार नाही. तुझ्याकडे दोन वेगळे आजार आहेत, तेव्हा औषधही वेगवेगळं.

पुढच्या फोनचा आजार घड्याळाचा. फोन आणि रेकॉर्डर आपापल्या स्फटिकाच्या ठोक्यावर वेळ मोजतात आणि दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत 50 चा फरक धरला तरी 5400 सेकंदांत 0.27 सेकंद होतात, म्हणजे सेकंदाला 30 फ्रेमच्या हिशेबाने आठ फ्रेम. पाच मिनिटांच्या गाण्यात हे कळतसुद्धा नाही, दीड तासाच्या कीर्तनात उघडं पडतं.

मागच्या फोनचा आजार फ्रेम रेटचा असणार. उजेड कमी पडला किंवा फोन तापला की तो सेकंदाला 30 ऐवजी 24, 27 अशा कमी-जास्त फ्रेम घेतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर ठरावीक लयीवर चालतं, म्हणून चित्र मागेपुढे होतं. मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल उघड. फ्रेम रेट मोडसमोर 'व्हेरिएबल' दिसलं की निदान पक्कं. दुसरी खूण अशी: अर्ध्यावर जेवढा फरक, त्याच्या दुप्पट शेवटी असेल तर घड्याळ. उड्या मारत असेल तर फ्रेम रेट.

उपाय मागच्यापासून सुरू कर. दोन्ही फाइल हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून काढ, फ्रेम रेट 30 आणि 'कॉन्स्टंट', दर्जा चांगला ठेव. फोनवरचा आवाज पुसू नकोस, जुळवायला तोच लागतो. मग रिझॉल्व्हमध्ये नवं प्रोजेक्ट उघडून आधी फ्रेम रेट 30 कर आणि नंतरच क्लिप आत घे. एकदा क्लिप आल्या की प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलू देत नाही.

अडकण्याचं कारण फोनच्या फाइलची बांधणी. जागा वाचावी म्हणून फोन थोड्याच फ्रेम पूर्ण साठवतो आणि बाकीच्यांत शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहितो. तू मधल्या एका फ्रेमवर थांबलीस की लॅपटॉपला मागच्या-पुढच्या उलगडून ती घडवावी लागते. म्हणून क्लिपवर उजवं बटण दाबून प्रॉक्सी करून घे, प्रकार डीएनएक्सएचआर एलबी, आकार निम्मा. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. डिस्कवर जागा खाईल, पण कर्सर बोटाबरोबर फिरेल. शेवटची फाइल काढताना प्रॉक्सी वापरायचा पर्याय बंद आहे ना, एवढं बघ.

आता घड्याळ. इथे मी कळकळीने सांगतो: रेकॉर्डरचा आवाज पहिल्या नमनापासून शेवटच्या आरतीपर्यंत अखंड ठेव, त्याला कात्री लावू नकोस. कापायचं आणि सरकवायचं ते चित्र. जिथे तू एका फोनवरून दुसऱ्यावर जातेस, तिथे नवा तुकडा आवाजाशी पुन्हा जुळवून घे. आठ फ्रेमची चूक अशी दीड तासात वाटली गेली की कुणाला दिसत नाही. तान मधे तुटली तर मात्र मागच्या रांगेतल्या आजींनाही कळतं. मी विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेल्या एका संकलकाच्या हाताखाली शिकलो. स्टीनबेक या फिल्म संकलनाच्या टेबलावर चित्राची पट्टी वेगळी, आवाजाची वेगळी, आणि दोन्ही छिद्राला छिद्र लावून चालवायच्या. तेव्हापासून आधी आवाज बांधायचा, मग त्यावर चित्र, हीच माझी पद्धत.

आणखी एक बारकावा, हा लोक हमखास विसरतात. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. मागची भिंत आत्यापासून 15 मीटरवर असेल तर त्या फोनवर आवाज 44 मिलिसेकंद उशिरा पोचला, चित्र मात्र लगेच. तू ध्वनीलहरी जुळवल्यास की चित्र आवाजाच्या एक फ्रेमभर पुढे जातं, म्हणजे आधी दिसतं. झांज एकमेकींवर आदळते ती फ्रेम शोध आणि रेकॉर्डरवरचा 'छन्' तिथेच पडतोय का ते बघ. नसेल तर क्लिप एक फ्रेम उशिरा, म्हणजे टाइमलाइनवर उजवीकडे ने. चुकायचंच झालं तर आवाज उशिरा येण्याच्या बाजूने चूक. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज 45 मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला खटकतं, उशीर मात्र 125 पर्यंत खपतो. निसर्गात आवाज चित्राच्या आधी कधी येतच नाही ना.

चिपळी

काका, खूप आभार! मीडियाइन्फोत दादाच्या फोनसमोर 'व्हेरिएबल'च आलं. हँडब्रेकमधून काढल्यावर उड्या थांबल्या. झांजेचीही खात्री केली, खरंच एक फ्रेम पुढे होती.

दोन शंका. एक, कोन नेमका कुठे बदलायचा? मी दर पाच-सात सेकंदांनी बदलतेय, पण बघताना दमायला होतं. आणि दोन, मध्यंतरात बुक्का लावून हार घातला, तिथून पुढे सगळ्या उत्तररंगात खरखर आहे. बहुतेक हार माइकवर घासतोय.

तोडजोड

पाच-सात सेकंद फार घाईचे झाले. गाण्यात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर बदल. भजनी ठेका आठ मात्रांचा आहे, सम कानाला लगेच सापडते. आवर्तनाच्या मधे कापलंस तर ताल चुकल्यासारखा वाटतो, वाजवणारा अचूक असला तरी. निरूपणात वाक्य संपल्यावर आत्या श्वास घेईल तिथे जा. कधी पुढच्या वाक्याचा पहिला शब्द जुन्याच चित्रावर येऊ दे आणि मग चित्र बदल, जोड लपून जातो.

आख्यानात मात्र हात आवर. संवाद करताना आत्या मान उजवीकडे वळवून एक पात्र होते, डावीकडे वळवून दुसरं. तो कट तिने स्वतः केलेला आहे. त्यावर तू आपला कट टाकलास की डावं-उजवं उलटतं आणि कोण कुणाशी बोलतंय ते कळेनासं होतं. पुढच्या फोनवर थांब, पूर्ण प्रसंग होऊ दे. मागचा फोन वापरायचा तो हशा, नामगजर, आरती अशा वेळी, जिथे सभामंडप दिसायला हवा. तिथे ओठही दिसत नाहीत, म्हणून सरकलेली चित्रं जुळवून घ्यायलाही त्याच जागा सोयीच्या.

हाराची खरखर पूर्ण जाणार नाही. रिझॉल्व्हच्या फेअरलाइट (आवाजाच्या) पानावर 90 हर्ट्झच्या खालचं कापून टाक, धबधब आवाज कमी होईल. जिथे घासणं शब्दावरच आलंय तेवढ्याच जागी पुढच्या फोनचा आवाज हळूच मिसळ. खाली मूळ ट्रॅक चालूच राहू दे, म्हणजे जागा बदलल्यासारखी वाटणार नाही. स्पीकरची गुणगुण असेल तर डी-हमर 50 हर्ट्झवर लाव, आपल्या विजेचा तोच आकडा. व्हॉइस आयसोलेशन (बोलणं तेवढं वेगळं काढायची सोय) फक्त पैसे भरलेल्या आवृत्तीत आहे आणि असतं तरी इथे लावू नको म्हटलं असतं. झांज, तबला सगळं गोंगाट समजून खाऊन टाकतं.

बोरू

पदं पडद्यावर देणार असाल तर टायपाकडे लक्ष द्या. टिरो देवनागरी मराठी मोफत आहे आणि त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. सुटसुटीत हवा तर 'मुक्त' नावाचा टाइप. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटताना दिसली तर इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळ लिहून पारदर्शक पीएनजी काढा आणि तीच चित्रावर ठेवा.

चिपळी

बोरू, आभारी आहे, टिरो लावून बघते. काका, पुढचं कीर्तन हनुमान जयंतीला आहे. हार काढून ठेवायला आत्या तयार नाही, तो यजमानांचा मान आहे म्हणते. माइक खांद्यावर लावला तर?

तोडजोड

खांद्यावरूनही हार जातोच आणि एका बाजूला पदर आहे. संगीत नाटकात लावतात तसा कानाला अडकवायचा माइक बघ. बोंडी गालाजवळ येते, हार खालून जातो. रेकॉर्डरमध्ये सेफ्टी ट्रॅकची सोय असेल तर चालू कर, नामगजरात आवाज फाटला तर हळू पातळीवरची दुसरी प्रत हाताशी राहते. दोन्ही फोन मॅन्युअलवर टाकून 25 फ्रेम, शटर 1/50 ठेव, दिवे लुकलुकणार नाहीत. आणि नमनाच्या आधी आत्याला एकदा झांज वाजवायला सांग, दोन्ही फोनना दिसेल अशी. आरतीनंतर पुन्हा एकदा, म्हणजे दोन्ही टोकांना जुळवायला खूण मिळेल.