चेहऱ्याची साल निघतेय, काहीही लावलं तरी आग होते. तातडीने मदत हवी आहे

वाशिष्ठीकाठ (सोमवार, रात्री १०:४०)
चिपळूणहून जालन्याला येऊन चार महिने झाले. तिकडे चेहरा कायम तेलकट असायचा, इथे गेल्या महिनाभरात पार कोरडा ठणठणीत पडलाय. तोंड धुतलं की पाच मिनिटांत कातडी ओढल्यासारखी होते, हसलं तर ओठांच्या कडेला चिरतं. नाकाच्या बाजूला आणि हनुवटीवर साल निघतेय. खोबरेल लावून झालं, कोरफड लावून झाली, दोन्हींनी आग होते. २१ दिवसांवर साखरपुडा आहे. घरच्या घरी होईल असा उपाय हवाय. कृपया "डॉक्टरकडे जा" एवढंच लिहू नका, सुट्टी मिळत नाहीये. लवकर सांगा.

परसबाग (रात्री ११:०५)
अभिनंदन ताई! अजिबात घाबरू नकोस. साबण आजपासून बंद. चमचाभर बेसन, त्यात दुधावरची साय आणि चिमूटभर आंबेहळद. सैलसर कालवून चेहऱ्याला लाव, अर्धवट सुकलं की ओल्या हाताने गोल गोल चोळून काढ. मेलेली कातडी सगळी निघून जाते. माझ्या दोन्ही लेकींना लग्नाआधी महिनाभर हेच लावलं होतं. मसूर डाळ दुधात भिजवून वाटलीस तर आणखी चांगलं.

रानजाई (रात्री ११:२०)
काकू, साल निघत असताना, चिरा पडलेल्या असताना उटणं चोळायचं नाही हो. उटणं धडधाकट त्वचेसाठी. इथे वरचा थरच उघडा पडलाय, म्हणून तर खोबरेलसुद्धा झोंबतंय.
वाशिष्ठीकाठ, आधी हे सांगा: वय किती? चेहरा कशाने आणि दिवसातून कितीदा धुता? पाणी कोणतं, गरम की गार? आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत चेहऱ्यावर काय काय लावलंय, म्हणजे सीरम, फेसपॅक, डागांची क्रीम, जे असेल ते? हे कळल्याशिवाय उपाय सांगण्यात अर्थ नाही.

परसबाग (रात्री ११:३१)
आमच्या आजीपासून चार पिढ्या हेच लावतायत, कोणाची कातडी निघाली नाही.

माणगावखोरं (मंगळवार, सकाळी ७:१५)
चिपळूणचं माणूस आणि भिरंडेल माहीत नाही? कोकमाच्या बिया फोडून, कुटून, पाण्यात उकळवून वर येतो तो मेणासारखा थर, त्याचे लंबगोल गोळे करून ठेवतात. आमच्या कुडाळकडे थंडीत दुसरं काही लावत नाहीत. गोळा दगडासारखा घट्ट असतो, हाताच्या उबेने वरवरचा थरच तेवढा सुटतो. चुलीजवळ धरायचा किंवा गरम वाटीच्या बुडाला घासायचा आणि सुटलेलं तेल बोटाने ओठांना, गालांना लावायचं. टाचेच्या भेगा यानेच भरतात, तोंडाचं काय घेऊन बसलात. फक्त बाजारातून घेताना भेसळ बघून घ्या.

एडमंटनकर (सकाळी ८:०२)
आमच्याकडे बाहेर उणे तीस आणि घरात चोवीस तास हीटर. पहिल्या हिवाळ्यात माझीही हीच गत झाली होती. तुम्ही खोलीतल्या हवेचं बघा. आर्द्रता वाढवायचं यंत्र मिळतं, ते नसेल तर रात्री ओला टॉवेल पिळून खुर्चीवर पसरून ठेवा. चेहऱ्याला लावायच्या गोष्टी नंतर.

वाशिष्ठीकाठ (दुपारी २:४५)
मी मुलगा आहे. वय २७. साबण साधाच. पाणी बोअरचं, भयंकर जड आहे, बादलीला आतून पांढरा थर बसतो. माझा निळा टॉवेल त्या पाण्याने खराब झालाय, त्यावर फिकट केशरी-पांढरे डाग पडलेत, उशीच्या अभ्र्यावरही तेच. जे पाणी कापडाचं असं करतं ते चेहऱ्याचं काय करत असेल! म्हणून काल २० लिटरचा जार मागवला. बाकी काही लावत नाही. उपाय सांगा ना कोणीतरी नीट.

रानजाई (दुपारी ३:१०)
"साधाच" म्हणजे कोणता? अंगाचा? आणि दिवसातून कितीदा, ते राहिलंच. दाढी रोज करता का, नंतर काय लावता? काम उन्हातलं आहे की एसीतलं?

वाशिष्ठीकाठ (दुपारी ३:२५)
अंगाचाच. रोलिंग मिलमध्ये क्वालिटीला आहे. लालभडक बिलेट, म्हणजे तापलेल्या पोलादाचा लांबट ठोकळा, येतं त्याच्यापासून पंधरा फुटांवर उभं राहावं लागतं, वर काळी धूळ. त्यामुळे शिफ्टमध्ये चार-पाच वेळा साबणाने तोंड धुवावंच लागतं, घरी आल्यावर गरम पाण्याने एकदा. दाढी एक दिवसाआड, नंतर तुरटी. हे सगळेच करतात, मिलमधल्या बाकीच्यांना काही होत नाही.

रानजाई (दुपारी ३:५०)
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर! आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ५. अंगाचा साबण ९-१० च्या घरात. प्रत्येक धुण्यात त्वचेतलं तेल निघून जातं आणि तिला पूर्ववत व्हायला काही तास लागतात. तुम्ही तेवढ्यात पुन्हा धुताय. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा चिकट साका होतो, तो चेहऱ्यावर बसतो. त्यात भट्टीची धग, वर तुरटी.
शिफ्टमध्ये नुसत्या साध्या पाण्याने धुवा. धूळ काढायला घरी आल्यावर एकदाच, साबण नसलेलं क्लेन्झर आणि कोमट पाणी. पुसताना चेहरा खसाखसा न पुसता टिपून घ्या आणि ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. ओलसर असताना, हे महत्त्वाचं. सुकल्यावर लावलं तर धरून ठेवायला पाणीच उरत नाही.

विदर्भवारा (संध्याकाळी ६:३०)
एवढा कुटाणा कशाला? मेडिकलमध्ये बेटामेथासोनचं मलम मागा, ३०-४० रुपयांत मिळतं. दोन रात्री लावलं की चेहरा लोण्यासारखा. मी दर थंडीत लावतो.

रानजाई (संध्याकाळी ६:४१)
कृपया हे लावू नका. बेटामेथासोन स्टेरॉइड आहे. माझ्या बहिणीने असंच एक मलम आठ महिने चेहऱ्याला लावलं. सुरुवातीला खरंच लोण्यासारखा झाला होता. नंतर गाल कायम लाल, त्यावर बारीक शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव वाढली, उन्हात दोन मिनिटं उभं राहवेना. बंद केलं तर पुरळ दुप्पट. वर्ष-दीड वर्ष गेलं त्यातून बाहेर यायला. चेहऱ्याची कातडी पातळ असते, हातापायाला चालतं ते इथे चालत नाही.

विदर्भवारा (संध्याकाळी ७:००)
मी आठ महिने म्हणालोच नाही, दोन रात्री म्हणालो. उगाच घाबरवू नका लोकांना.

काउंटरपलीकडे (रात्री ९:३५)
औषधाच्या दुकानात ११ वर्षं उभा आहे म्हणून लिहितो. दोन रात्रींसाठी नेलेली ट्यूब दोन रात्रींत बंद केलेला माणूस मला क्वचितच दिसला. लोक पुन्हा येतात, "तीच द्या" म्हणतात. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली ती याचसाठी. डॉक्टर देतात तेव्हा मोजून, ठरावीक दिवसांसाठी देतात. दर थंडीत आपल्या मनाने लावत असाल तर तुम्हीही एकदा दाखवून घ्या, मनापासून सांगतोय.
आता वाशिष्ठीकाठ, मला तुमच्या चेहऱ्यापेक्षा टॉवेलचं जास्त वाटतंय. जड पाण्याने टॉवेल कडक होतो, पांढुरका पडतो, पण निळ्याचा केशरी होत नाही. रंग उडालाय तो. तोही नेमका टॉवेल आणि अभ्र्याचा, म्हणजे चेहरा लागतो त्याच कापडांचा. शर्टांना असे डाग आहेत का? नसतील तर पिंपल्ससाठी काही लावताय का? ट्यूबवर बारीक अक्षरात "बेन्झॉइल पेरॉक्साइड" लिहिलंय का बघा, त्याने कापडाचा रंग उडतो.

सानूची_आई (रात्री ९:५०)
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या गालावर रुपयाएवढे फिकट, कोरडे चट्टे आलेत. सासूबाई म्हणतात जंत झालेत, शेजारी म्हणतात कॅल्शियम कमी आहे. कॅल्शियमचं सिरप सुरू केलंय, फरक नाही.

परसबाग (रात्री ९:५८)
वावडिंग दे तिला. मधातून.

काउंटरपलीकडे (रात्री १०:१५)
सानूची आई, लहान मुलांत असे चट्टे पुष्कळदा कोरड्या त्वचेमुळेच येतात. आजूबाजूची त्वचा उन्हाने काळवंडली की जास्त उठून दिसतात. त्यांचा कॅल्शियमशी आणि जंतांशी संबंध नसतो. मॉइश्चरायझर लावत राहा, जायला काही महिने लागतात. पण बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच. घरी एवढं बघा: डोळे मिटवून चट्ट्याला कापसाचं टोक लावलं तर तिला कळतंय ना? कळत नसेल तर अजिबात थांबू नका.

माणगावखोरं (रात्री १०:२०)
भिरंडेल लहान मुलांनाही चालतं.

वाशिष्ठीकाठ (रात्री ११:५०)
शर्टांना डाग नाहीत. ट्यूब आत्ता बघितली. ॲडापेलिन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड, दोन्ही लिहिलंय. पण ती क्रीम नाही, पिंपल्सचं औषध आहे, म्हणून लिहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी चिपळूणच्या स्किनच्या डॉक्टरांनी दिलं होतं, तेव्हा काही त्रास झाला नव्हता. साखरपुडा ठरला आणि कपाळावर दोन पिंपल्स आले म्हणून पुन्हा आणलं. लवकर जावेत म्हणून सकाळ-रात्र लावतोय, सगळ्या चेहऱ्याला, सव्वा महिना झाला. म्हणजे पाण्याने नाही झालं हे?

काउंटरपलीकडे (बुधवार, सकाळी ७:३०)
पाण्याने आणि साबणाने भर घातली, पण मुख्य कारण मला हेच दिसतंय. औषध वाईट नाही, लावायची रीत चुकली. हे जेल बहुतेक वेळा रात्री एकदाच असतं. वाटाण्याएवढं घ्यायचं, त्यात अख्खा चेहरा. धुतल्यावर चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्यायचा आणि मग लावायचं, कारण ओल्या त्वचेत ते जास्त शिरतं. नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे, डोळ्यांभोवती लावायचंच नाही, आणि तुमची साल नेमकी तिथेच निघतेय. पहिले काही आठवडे थोडा कोरडेपणा पुष्कळांना येतो. तुम्ही दुप्पट लावून वर पाच वेळा साबण लावलात. चिपळूणला दमट हवेत, तेलकट चेहऱ्यावर हेच खपून गेलं.
तूर्त जेल बंद. साबण आणि तुरटीही बंद. रानजाईंनी सांगितलंय तसंच धुवा, ओलसर चेहऱ्यावर मॉइश्चरायझर दोन-तीन वेळा. रात्री झोपताना ओठांच्या कडा आणि सोललेल्या जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. ती झोंबत नाही आणि आतलं पाणी उडू देत नाही. साल नखाने काढू नका. दिवसा सनस्क्रीन, कारण ही त्वचा उन्हात पटकन काळी पडते. पाणी झिरपायला लागलं, सूज आली, डोळ्यांपर्यंत लाली गेली, तर सुट्टी असो-नसो, दाखवायचंच. आणि ज्या डॉक्टरांनी जेल दिलं त्यांना आज फोन करा. फोनला सुट्टी लागत नाही.

एडमंटनकर (सकाळी ८:१०)
टॉवेलवरून ओळखलंत, कमाल आहे! ग्लिसरीन चालेल का हो? माझी आई तेच लावायची.

काउंटरपलीकडे (सकाळी ८:४०)
चालतं, पण नुसतं नाही. कोरड्या हवेत दाट ग्लिसरीन त्वचेतलंच पाणी ओढून घेतं. पाणी किंवा गुलाबपाणी मिसळून, ओल्या चेहऱ्याला, आणि वरून तेलकट काहीतरी. वाशिष्ठीकाठांनी मात्र सध्या काही नवीन लावू नये. भिरंडेलसुद्धा साल भरल्यावर.

परसबाग (सकाळी ९:१५)
मुलगा आहेस तर आधी सांगायचंस रे बाळा. उटणं नको लावूस आत्ता. ते जेलाबद्दल मला ठाऊक नव्हतं. जेवणात तूप मात्र घे, आणि त्या जारच्या पाण्यात पैसे घालवू नकोस.

वाशिष्ठीकाठ (नऊ दिवसांनी, रात्री १०:१०)
घाईत राहून गेलं होतं, सांगायला आलोय. डॉक्टरांशी फोनवर बोललो. जेल आत्ता नाहीच, साखरपुडा झाल्यावर एक रात्र सोडून, तेही आधी मॉइश्चरायझर लावून. पहिले दोन दिवस मॉइश्चरायझरही चुरचुरत होतं, तिसऱ्या दिवसापासून नाही. ओठांच्या कडा सहा दिवसांत भरल्या. हनुवटीची साल थांबली, नाकाच्या बाजूला लाली आहे अजून. मिलमध्ये नुसत्या पाण्याने धूळ निघत नाही असं वाटायचं, पण ओला सुती रुमाल दाबून टिपला की निघते. कपाळावरचा एक पिंपल गेला, एक आहे. राहू दे.
रानजाई, काउंटरपलीकडे, मी तेव्हा चिडून लिहिलं, राग मानू नका. एक शेवटचं: साखरपुड्याला दाढी करावीच लागेल. तुरटीशिवाय रक्त आलं तर?

काउंटरपलीकडे (रात्री १०:३५)
आदल्या संध्याकाळी करा, त्या दिवशी सकाळी नको. आंघोळीनंतर केस मऊ असताना, नवीन ब्लेड, केसांच्या दिशेने एकदाच. उलटा हात फिरवायचा नाही. कापलंच तर स्वच्छ कापड गार पाण्यात भिजवून दोन मिनिटं दाबून धरा, थांबतं. मग मॉइश्चरायझर.

सानूची_आई (रात्री १०:५०)
सानूला कापूस कळतोय. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.