पापवा सेवगोलम यांची कारकीर्द कोणत्या कायद्याने थांबली?

प्रश्न : उंबरठा

दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाचे गोल्फपटू सेवसंकर ऊर्फ पापवा सेवगोलम यांच्याविषयी मराठीत काही सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही, म्हणून येथे विचारत आहे. डर्बनमध्ये कॅडी म्हणून गोऱ्या खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारा आणि औपचारिक शिक्षण जवळजवळ न मिळालेला हा माणूस १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीन वेळा डच ओपन जिंकला. १९६३ मध्ये आपल्याच शहरात, डर्बन कंट्री क्लबवर, नाताळ प्रांताची खुली स्पर्धाही त्यांनी जिंकली. त्या दिवशी पाऊस होता. बाकीची मंडळी क्लबहाउसच्या आत असताना विजेत्याला मात्र चषक बाहेर पावसात घ्यावा लागला.

माझे प्रश्न दोन आहेत. त्यांना खेळू दिले, जिंकू दिले आणि तरीही आत घेतले नाही, हे कोणत्या कायद्यात बसत होते. आणि १९६३ मध्ये जो कायदा खेळू देत होता, त्यानेच १९६६ मध्ये त्यांचे खेळणे कसे बंद केले? दुसरा प्रश्न खेळाचा आहे. उजव्या बाजूने खेळणारा गोल्फपटू डावा हात वर आणि उजवा हात खाली धरतो, तर सेवगोलम नेमके उलटे धरत. ही पकड त्यांना नडली असेल का?

उत्तर : पाऊलवाट

पहिल्या प्रश्नात आपण मोक्याच्या जागी बोट ठेवले आहे. गोऱ्यांनी आणि गोरेतरांनी एकत्र खेळू नये असे थेट सांगणारा कायदा तेव्हा दक्षिण आफ्रिकेत नव्हता. होते ते धोरण. १९५६ मध्ये अंतर्गत व्यवहार मंत्री डोंगेस यांनी जाहीर केले की प्रत्येक वंशाने आपापला खेळ वेगळा चालवावा. या धोरणाला धार आली ती इतर कायद्यांमुळे. १९५० च्या समूह क्षेत्र कायद्याने एका वंशासाठी राखलेल्या भागातील जागा दुसऱ्या वंशाच्या माणसाने परवान्याशिवाय वापरणे गुन्हा ठरवले होते आणि १९५३ च्या आणखी एका कायद्याने सार्वजनिक सोयी वंशावार वाटून टाकल्या होत्या.

परिणाम असा झाला की मैदान, कपडे बदलण्याची खोली, जेवणाचे टेबल आणि बक्षीस समारंभाचे दालन या सगळ्या कायद्याच्या दृष्टीने निरनिराळ्या बाबी ठरू शकत होत्या. एका बाबीची मुभा मिळाली म्हणून दुसरीची मिळेलच असे नव्हते. १९६३ चे ते दृश्य अशा व्यवस्थेतूनच घडले. आयोजकांपैकी कुणाला वाईट वाटले असेल किंवा नसेल, पण त्याने व्यवस्थेत काहीच बदलत नव्हते आणि मला सर्वांत भयंकर वाटते ते हेच. पावसातल्या त्या चषकाचे छायाचित्र जगभर पोहोचले. पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकचे दक्षिण आफ्रिकेला दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. या दोन घटनांत कार्यकारणाची सरळ रेघ ओढणे योग्य होणार नाही, कारण बहिष्काराची चळवळ आधीपासून चालू होती. परंतु वर्णभेद म्हणजे काय हे ज्यांना कायद्याची कलमे वाचून कळले नसते, त्यांना ते त्या छायाचित्राने एका क्षणात कळले.

१९६५ मध्ये सेवगोलम यांनी तीच स्पर्धा पुन्हा जिंकली आणि या वेळी देशातील नामवंत गोरे गोल्फपटू गॅरी प्लेअर यांना मागे टाकले. प्लेअर तोवर ब्रिटिश ओपन, मास्टर्स आणि पीजीए या तीन मोठ्या स्पर्धांचे विजेते होते. एका भारतीयाने त्यांना डर्बनमध्ये, गोऱ्या प्रेक्षकांसमोर हरवणे सरकारला पचणारे नव्हते. १९६६ मध्ये देशातील गोऱ्यांच्या स्पर्धांचे दार त्यांना बंद झाले. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. मुभा नाकारणे पुरेसे होते. सरकारने पारपत्र काढून घेतल्यावर परदेशातील स्पर्धाही सुटल्या. ज्याचे पोट स्पर्धांच्या बक्षिसांवर चालते, त्याला तुरुंगात न टाकताही संपवता येते ते असे.

उत्तर : सातवी काठी

पकडीविषयी मी लिहितो, कारण पुण्यात गोल्फ शिकवताना कॅडींच्या मुलांमध्ये ही पकड मी पाहिली आहे. ज्याला कुणी शिकवले नाही, तो काठी हाताला जशी सहज वाटेल तशी धरतो. सेवगोलम लहानपणी असेच स्वतःच्या बळावर शिकले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय व्यावसायिक चार्ली ओवेन्स हेही याच उलट्या पकडीने खेळत.

नेहमीच्या पकडीत उजवा हात खाली असल्यामुळे उजवा खांदा किंचित उतरतो आणि काठी मागे नेताना शरीर वळण्यास वाव मिळतो. उलट पकडीत डावा खांदा उतरतो, दोन्ही मनगटे जणू बांधली जातात आणि काठीचा घेर आखडतो. लांबीसाठी ही गोष्ट गैरसोयीचीच आहे. पण चेंडूला भिडताना डावे मनगट मोडत नाही, त्यामुळे काठीचे तोंड सरळ राहते. आज जॉर्डन स्पीथसारखे खेळाडू पटिंग करताना, म्हणजे चेंडू हलकेच खळग्यात ढकलताना, मुद्दाम डावा हात खाली ठेवतात ते याच कारणाने. सेवगोलम हे पटिंगपुरते नव्हे, तर टीवरच्या, म्हणजे चेंडू खुंटीवर ठेवून मारायच्या, पहिल्या फटक्यापासून करत. १९६३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये, रॉयल लिथमसारख्या बंकरांनी (वाळूच्या खड्ड्यांनी) गच्च भरलेल्या मैदानावर, ते तेराव्या क्रमांकाच्या बरोबरीत आले. तेव्हा पकड नडली असे म्हणण्यास आधार दिसत नाही. त्यांना नडले ते मोठ्या स्पर्धांचा सराव सलग न मिळणे. अव्वल दर्जाचा खेळाडू आठवड्यामागून आठवडे तोडीच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळून धारदार होतो आणि नेमके तेच त्यांना ऐन उमेदीत मिळाले नाही.

उत्तर : उमगेनीकाठ

मी बरीच वर्षे डर्बनमध्ये राहते, म्हणून थोडी भर घालते. १८६० पासून नाताळच्या ऊसमळ्यांसाठी मद्रास आणि कलकत्ता बंदरांतून करारबद्ध मजूर आणले गेले आणि इथला भारतीय समाज मुख्यत्वे त्यांतून उभा राहिला. (ही मजूरभरती थांबवण्याचा ठराव १९१० मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मांडणारे गोपाळ कृष्ण गोखले होते, १९११ मध्ये ती बंद झाली.) सेवगोलम याच समाजातले. उमगेनी नदीच्या मुखाजवळच्या बीचवुड मैदानावर ते कॅडी होते. तिथे त्यांचा खेळ ग्रॅहम वुल्फ यांच्या नजरेत भरला. हे तेच वुल्फ, ज्यांनी ‘ऑइल ऑफ ओले’ हे सौंदर्यप्रसाधन तयार केले. १९५९ मध्ये त्यांनी पुढाकार घेऊन सेवगोलम यांना युरोपला नेले आणि त्याच दौऱ्यात पहिली डच ओपन पदरात पडली. जिथे परवाना मागावा लागत नव्हता तिथे ते पहिल्याच दौऱ्यात जिंकले, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते.

१९७८ मध्ये, पन्नाशीही गाठण्याआधी, त्यांचे निधन झाले. रेझर्व्हॉयर हिल्स भागातील नगरपालिकेच्या गोल्फ मैदानाला आज त्यांचे नाव आहे आणि वर्णभेद संपल्यानंतर त्यांना ‘ऑर्डर ऑफ इखामांगा’ हा राष्ट्रीय सन्मान मरणोत्तर देण्यात आला.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. गॅरी प्लेअर यांनी या सगळ्यात कोणती भूमिका घेतली होती, हेही कुणी सांगू शकेल का?

उत्तर : पाऊलवाट

१९६६ मध्ये, म्हणजे सेवगोलम यांच्यावर दारे बंद झाली त्याच वर्षी, प्लेअर यांनी वर्णभेदाचे छापील समर्थन केले होते. पुढे त्यांनी ही भूमिका सोडली आणि तसे उघडपणे सांगितले. १९७१ मध्ये त्यांनी अमेरिकेचे कृष्णवर्णीय खेळाडू ली एल्डर यांना दक्षिण आफ्रिकेत खेळण्यास बोलावले. एल्डर यांनी प्रेक्षकांची वंशावार विभागणी होणार नसेल तरच येईन, अशी अट घातली. सरकारने ती मान्य केली. समूह क्षेत्र कायदा तेव्हाही लागू होता आणि बीचवुडच्या कॅडीला त्याच्या स्वतःच्या शहरात जे नाकारले, ते परदेशी पाहुण्याला त्याच कायद्याखाली देता आले.