एल्फिन्स्टन की एल्फिन्स्टोन? एका स्कॉटिश आडनावाची शब्दचर्चा

माझे आजोबा परळच्या एल्फिन्स्टन मिलमध्ये साचेखात्यात होते. आमच्या घरात त्या मिलचं नाव कायम ‘एल्पिष्टन’. आजी अजूनही तसंच म्हणते. परवा माझा मुलगा तिला सांगत होता, “पणजी, शेवटी स्टोन आहे, एल्फिन्स्टोन म्हण.” आजी गप्प बसली. मला ते लागलं, पण बरोबर काय हे मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून इथे विचारते. या आडनावाचा खरा उच्चार काय? त्याचा दगडाशी काही संबंध आहे का? आणि हे आडनाव मुळात कुठलं?

———

ताई, आजींना सांगा, त्यांचंच बरोबर आहे.

मी एडिंबऱ्याला राहतो. इथून पूर्वेला सोळा-सतरा किलोमीटरवर ट्रॅनेंट नावाचं गाव आहे आणि त्याच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर चढावर एल्फिन्स्टन. छोटंसं गाव. हा भाग ईस्ट लोदियनचा, कोळशाच्या खाणींचा. आडनावाचं मूळ म्हणजे हे गाव.

आता शब्द फोडून पाहू. लिहिताना शेवटी ‘स्टोन’ दिसतो, पण तो दगड नव्हे. फोड आहे एल्फिन + स + टन. ‘टन’ म्हणजे जुन्या इंग्रजीतलं ‘टून’: कुंपण घातलेलं शेत, त्यातली घरं, वस्ती. आजचा ‘टाउन’ त्यातूनच आला. मधला ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय, आपल्या ‘चा-ची-चे’सारखा. आणि ‘एल्फिन’ हे बहुधा आल्फविने या जुन्या पुरुषनावाचं झिजलेलं रूप. त्यातला ‘आल्फ’ म्हणजे एल्फ, त्यांच्या लोककथांमधले अद्भुत जीव. ‘विने’ म्हणजे मित्र. आल्फ्रेड या नावातही हाच आल्फ आहे. तेव्हा सरळ मराठीत सांगायचं तर एल्फिन्स्टन म्हणजे ‘आल्फविनेची वाडी’. आपल्याकडे पाटलाची वाडी, सुताराची वाडी असते, अगदी तशी.

शेजारचंच गाव ऑर्मिस्टन. तेही ‘ऑर्मची वाडी’, आणि तेही आडनाव झालं. लिव्हिंगस्टन, जॉन्स्टन या आडनावांची घडणही हीच. शेवटचा जोर नसलेला ‘टन’ लिहिताना कधी ‘टन’, कधी ‘टोन’ असा येत राहिला आणि पुढे ‘स्टोन’सारखं वर्णलेखन रूढ झालं. एल्फिन्स्टनचं शेवटचं ‘ई’ अक्षर न लिहिणाऱ्या शाखाही आहेत. बोलताना मात्र जोर पहिल्या अक्षरावर, एल्-, आणि शेवट तोंडातल्या तोंडात: ‘स्टन्’. ‘स्टोन’ असं लांबवून इथे कोणी म्हणत नाही.

एक मात्र सांभाळायला हवं: प्रत्येक ‘स्टोन’ म्हणजे वाडी नाही. ग्लॅडस्टन या आडनावात खरोखरच दगड आहे. ‘ग्लेड’ म्हणजे घार, घारीचा खडक. म्हणून दर आडनावाचं जुनं रूप पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

या घराण्याबद्दल एक जुनी कथा अशी सांगितली जाते की ते जर्मनीतल्या हेल्फेनस्टाइन सरदारांचे वंशज. नावं कानाला जवळची वाटतात, एवढाच तिला आधार. गाव डोळ्यांसमोर असताना इतक्या लांब जायचं कारण नाही.

———

स्कॉटिश आडनाव म्हटलं की मला ‘मॅक’ आठवतं. मग हे असं इंग्रजी वळणाचं कसं?

———

कारण स्कॉटलंड एका भाषेचा देश कधीच नव्हता. ‘मॅक’ म्हणजे गेलिक भाषेत मुलगा. ती आडनावं मुख्यत्वे डोंगराळ उत्तर-पश्चिमेची. लोदियनचा सपाट, सुपीक पट्टा मात्र सातव्या शतकापासून नॉर्थम्ब्रिया या उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या राज्याच्या इंग्रजी बोलणाऱ्या लोकांच्या ताब्यात होता. त्यांनी गावांना आपली नावं दिली, आणि तेराव्या शतकाच्या सुमारास जमीनदार मंडळी गावावरून स्वतःला ओळखू लागली. कागदावर ‘अमुक डी एल्फिन्स्टन’, म्हणजे एल्फिन्स्टनचा अमुक. हा ‘डी’ म्हणजे आपला ‘कर’ समजा. पुढे ‘डी’ गळाला आणि गावाचं नाव तेवढं आडनाव म्हणून उरलं. आपल्याकडे ‘कर’ टिकला.

इथे मला अतिशय आवडणारा एक स्कॉट्स शब्द सांगतो: ‘इल्क’. ‘इल्क’ म्हणजे ‘तोच, तेच’. ज्याचं आडनाव आणि वतनाचं गाव एकच, त्याला ‘एल्फिन्स्टन ऑफ दॅट इल्क’ म्हणायचे: एल्फिन्स्टन, त्याच गावचा. निपाणीचेच निपाणकर असावेत आणि अजून निपाणीतच नांदत असावेत, तसं. आज इंग्रजीत ‘इल्क’ हा ‘त्या जातकुळीचा’ अशा अर्थाने, बऱ्याचदा नाक मुरडून वापरतात. मूळ अर्थात तुच्छता मुळीच नव्हती, उलट मान होता.

पण या घराण्याचं ‘त्याच गावचे’पण टिकलं नाही, आणि आडनावाच्या प्रवासाची सुरुवात तिथेच झाली. १४३५-३६ च्या सुमारास पाइपरडीनच्या लढाईत सर अलेक्झांडर एल्फिन्स्टन पडले. मागे मुलगी, ॲग्नेस. तिचं लग्न जॉन्स्टनांच्या घरात झालं आणि ईस्ट लोदियनची जमीन तिच्याबरोबर तिकडे गेली. चुलत्याकडे राहिली ती स्टर्लिंगशायरमधली, फोर्थ नदीकाठची जमीन. म्हणजे एल्फिन्स्टन गावात जॉन्स्टन आले आणि एल्फिन्स्टन दुसरीकडे गेले. त्यांनी काय केलं? नव्या ठिकाणालाच एल्फिन्स्टन म्हणायला सुरुवात केली. गावावरून माणसाला नाव मिळालं होतं, आता माणसावरून गावाला मिळालं. तीही जमीन अठराव्या शतकाच्या मध्यावर डन्मोरच्या अर्लला विकली गेली, आणि तिथला एल्फिन्स्टन टॉवर डन्मोर टॉवर म्हणून ओळखला जाऊ लागला.

मूळ गावातला टॉवर पंधराव्या शतकातला. स्कॉटिश धर्मसुधारक जॉर्ज विशार्टला १५४६ मध्ये जाळण्याआधी काही काळ तिथे कैदेत ठेवलं होतं. मी तो पाहायला मुद्दाम गेलो होतो. खाणींमुळे खालची जमीन खचली, भिंतींना तडे गेले, म्हणून १९५५ मध्ये वरचे मजले उतरवले. आता जमिनीलगतचा जाडजूड दगडी भाग राहिला आहे, भोवती शेतं. मी भिंतीवर हात ठेवून उभा होतो आणि मनात दादरकडून लोअर परळकडे जाणारी लोकल चालली होती. ज्या नावाची स्टेशनची पाटी खिडकीतून शेकडो वेळा पाहिली, ते इथून निघालं होतं.

———

एडिंबऱ्याच्या मित्राने आडनावाची बाजू छान मांडली. मी निवृत्त मराठी शिक्षक. मराठी उच्चाराची बाजू मला मांडू द्या, कारण मूळ प्रश्न आजींच्या ‘एल्पिष्टन’चा आहे.

जुन्या मराठी लिखाणात ‘अलपिष्टन’, ‘अल्पिष्टन’ अशी रूपं भेटतात. ही अडाण्यांची मोडतोड नव्हे. इंग्रजी ‘ट’ आपल्या कानाला मूर्धन्य, म्हणजे जीभ टाळूकडे वळवून उच्चारल्यासारखा ऐकू येतो, आणि मराठीत ट-आधीचा ‘स’ सहज ‘ष’ होतो: इष्ट, कष्ट, दुष्ट ही जोडाक्षरं आपल्या जिभेवर आधीच बसलेली. म्हणून ‘इस्टेट’ची ‘इष्टेट’ झाली. ‘फ’चा ‘प’ होण्यातही नवल नाही. आणि महत्त्वाचं हे की शेवट ‘टन’ राहिला. ज्यांनी हे नाव लिहिलेलं पाहण्याआधी कानांनी ऐकलं, त्यांनी ते नेमकं पकडलं. ‘स्टोन’ आला तो इंग्रजी अक्षरं वाचणाऱ्यांकडून. पणजीने ऐकलं, नातवंडांनी वाचलं, एवढाच फरक.

याच नियमाचं देखणं उदाहरण म्हणजे ‘इष्टूर फाकडा’. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात कार्ल्याजवळ १७७९ च्या जानेवारीत पडलेला कॅप्टन स्टुअर्ट. शत्रूच्या शौर्याला मराठ्यांनी ‘फाकडा’ हे बिरुद दिलं आणि त्याच्या आडनावाला पुढे ‘इ’ लावून, ‘स’चा ‘ष’ करून आपलं करून घेतलं. स्टुअर्ट हेही स्कॉटिश आडनाव, ‘स्टुअर्ड’ म्हणजे कारभारी या हुद्द्यावरून आलेलं. आपल्याकडच्या फडणीस, चिटणीस यांच्या पंगतीतलं. आणि त्याच १७७९ साली, ऑक्टोबरात, स्कॉटलंडमध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन जन्मला, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. म्हणजे या गृहस्थाच्या पूर्ण नावात वाडीही आहे आणि इष्टूरही.

आणखी दोन नावं, विषय निघालाच आहे म्हणून. साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, ग्रँट डफ: ‘ग्रँट’ म्हणजे फ्रेंच ‘ग्राँ’, थोर किंवा थोरला, ‘डफ’ म्हणजे गेलिक ‘दुव्ह’, काळा. म्हणजे आपल्या ‘काळे’ आडनावाचा स्कॉटिश भाऊबंद. महाबळेश्वरची मालकम पेठ ज्याच्या नावाची, तो माल्कम: गेलिकमध्ये ‘संत कोलंबाचा भक्त’. मराठीत आणायचं तर रामदास, विठ्ठलदास या घडणीचं नाव. ही नावं आपण दोनशे वर्षं नुसते आवाज म्हणून उच्चारत आलो. अर्थ कळला की ती माणसांची नावं होतात.

———

सरांना नमस्कार. आजीला हे सगळं वाचून दाखवलं. ‘इष्टूर फाकडा’ तिला माहीत होता! आता आणखी एक विचारते. हे आडनाव स्कॉटलंडमध्येही फारसं आढळत नाही असं वाचलं. मग जगभर इतक्या ठिकाणी ते कसं दिसतं?

———

या दोन गोष्टी परस्परविरुद्ध वाटतात, पण नाहीत. स्मिथ हे आडनाव प्रत्येक गावातल्या लोहाराला मिळालं, म्हणून लाखोंनी स्मिथ. एल्फिन्स्टन एकाच लहान गावातून निघालं, म्हणून माणसं थोडी. पण ती थोडी माणसं मोठ्या पदांवर होती, त्यामुळे नकाशावर नाव खूप.

स्कॉटलंडमध्ये त्याचे माग असे दिसतात. एक, फोर्थच्या काठचा मध्य पट्टा, लॉर्ड एल्फिन्स्टन घराण्याचा. हा किताब १५१० चा. पहिले लॉर्ड तीनच वर्षांत फ्लॉडनच्या लढाईत मारले गेले. दुसरा माग ईशान्येचा, ॲबर्डीनशायरचा. तिथे आडनावाला खरी प्रतिष्ठा दिली बिशप विल्यम एल्फिन्स्टन यांनी, ज्यांनी १४९५ मध्ये ॲबर्डीनचं विद्यापीठ स्थापन केलं. त्यांच्या नावाची संस्था आज त्याच विद्यापीठात ईशान्य स्कॉटलंडच्या लोकगीतांचा, बोलींचा अभ्यास करते. तिच्या नावातही हीच ‘वाडी’ असावी, हे मला फार योग्य वाटतं. ॲबर्डीनशायरमध्येच इन्व्हरुरीजवळ पोर्ट एल्फिन्स्टन आहे, १८०५ मध्ये खुल्या झालेल्या ॲबर्डीनशायर कालव्याचं शेवटचं बंदर. कालवा कधीच बुजला, नाव राहिलं. तिसरा माग उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर, सँडे बेटावरच्या लॉपनेसला.

समुद्रापलीकडे तर कुठे कुठे! जॉन एल्फिन्स्टन नावाचे आरमारी अधिकारी रशियाच्या सेवेत गेले आणि १७७० मध्ये चेस्मेच्या लढाईत तुर्कांविरुद्ध लढले. मुलगा सॅम्युएल पुढे रशियन आरमारातच राहिला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात एल्फिन्स्टन नावाचं गाव आहे. ओमानच्या मुसंदममध्ये एल्फिन्स्टन इनलेट आहे. आणि कराचीची एल्फिन्स्टन स्ट्रीट, आता झैबुन्निसा स्ट्रीट. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणून ते नाव तिथे पोचलं.

मात्र माणसांचा प्रसार वेगळा आणि स्थळनावांचा वेगळा, हे विसरू नका. नकाशावर एल्फिन्स्टन दिसलं म्हणजे तिथे त्या आडनावाची घरं आहेतच असं नाही. मुंबई हेच उदाहरण घ्या.

———

मुंबईबद्दल एक दुरुस्ती मलाही करायची आहे, कारण तिथे दोन एल्फिन्स्टनांची नेहमी गल्लत होते.

पहिले माउंटस्टुअर्ट, पुण्याचे रेसिडेंट. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, त्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि त्यांचा ग्रंथसंग्रहही. पेशवाई बुडवण्यात त्यांचा हात मोठा, ते विसरता येत नाही; आणि १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर असताना देशी भाषांतल्या शिक्षणाला त्यांनी दिलेलं बळही विसरता येत नाही. ते परत जायला निघाले तेव्हा मुंबईकरांनी वर्गणी काढली आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. दादाभाई, रानडे, भांडारकर त्याच परंपरेतले.

दुसरे त्यांचे पुतणे जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० चे गव्हर्नर. १८५७ च्या वेळी मुंबईत हेच होते. रेल्वे स्टेशन यांच्या नावाचं, आणि आताचं हॉर्निमन सर्कल तेव्हा एल्फिन्स्टन सर्कल होतं तेही यांच्याच. कॉलेज काकाचं, स्टेशन पुतण्याचं.

स्टेशनचं नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. जुनं नाव जाऊन गावदेवीचं नाव आलं, हे मला मनापासून पटतं. प्रभादेवी हे नाव त्या जागेचं आहे, जसं एल्फिन्स्टन हे ट्रॅनेंटजवळच्या त्या चढावरच्या गावाचं.

लिहिताना मात्र, ताई, जुन्या नावाचा उल्लेख आलाच तर ‘एल्फिन्स्टन’ लिहा. स्टेशनच्या जुन्या देवनागरी पाटीवरही तसंच होतं. आणि मुलाला सांगा, पणजीच्या ‘एल्पिष्टन’मध्ये ‘ष्ट’ मराठी आहे, पण शेवटचा ‘टन’ अस्सल ईस्ट लोदियनचा.