प्रतिसाद: ग्राहक टिकणे हंगामावर मोजावे

ग्राहक मिळवून टिकवण्यासाठी स्टार्टअपने सुरुवातीचे भांडवल समाजमाध्यमांवरील जाहिरातींत आणि सवलतींत घालावे, असे मत मांडले गेले आहे; ते मला अपुरे वाटते. मराठवाड्यात बियाणे किंवा पीकसल्ला विकणाऱ्या स्टार्टअपचा ग्राहक सोयाबीनच्या पेरणीला, म्हणजे जून-जुलैत, खरेदी करतो आणि पुढच्या मोठ्या खरेदीसाठी बहुधा रब्बीपर्यंत थांबतो. त्यामुळे महिन्याला किती जण परतले हे मोजमाप येथे फसवे ठरते. मधल्या काळात पिवळ्या मोझॅकची (सोयाबीनवरील विषाणूजन्य रोगाची) लक्षणे दिसताच, काहीही न विकता, वेळेवर सल्ला देणारी कंपनीच शेतकऱ्याच्या लक्षात राहते. नवे ग्राहकही जाहिरातींऐवजी जुन्या ग्राहकांच्या शिफारशीतून मिळवता येतात. ड्रॉपबॉक्स या ऑनलाइन फाइल साठवण्याच्या सेवेने शिफारस करणारा आणि नवा सदस्य अशा दोघांनाही जादा साठवणजागा दिली होती. लातूर-जालन्यात तेच मोफत माती परीक्षणाच्या रूपाने करता येईल. लाभ मात्र दोघांनाही मिळावा, अन्यथा शिफारस करणारा गावात दलाल ठरतो.